कोळसेवाले, तराफेवाले आणि चेटकिणी : जर्मन जंगलांविषयी काय वाचावे?

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षापासून फ्रायबुर्गला शिकते आहे. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे जाणार आहोत. श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, तर पाहूच. जमल्यास हार्त्सच्या डोंगरांतही चार दिवस काढावेत असा विचार आहे. कुठे उतरावे आणि काय खावे हे सांगणारी पुस्तके घरात भरपूर झाली आहेत. आम्हाला त्या जंगलांच्या कथा आणि त्यांचा इतिहास वाचून जायचे आहे. इंग्रजी दोघांनाही चांगले येते. जर्मन मी पूर्वी बी-वन या मधल्या पायरीपर्यंत शिकले होते, ते आता बरेचसे विसरले आहे. सुरुवात कशापासून करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात नुसते ‘जर्मन जंगल’ असे मोघम काही नाही, दोन जंगलांची नावे आहेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले. एकंदर ‘जर्मन अरण्या’वर लिहिलेली पुस्तके बहुधा धुके, एकांत आणि राष्ट्राचा आत्मा यांतच रमतात, आणि ती वाचून गेलेल्या माणसाला प्रत्यक्ष रानात त्यांतले काहीच ओळखू येत नाही. मला स्वतःला ही जंगले थोडीफार कळली ती तिथली माणसे कशावर पोट भरत होती हे सांगणाऱ्या पुस्तकांमुळे. म्हणून श्वार्त्सवाल्डसाठी मी पहिले नाव घेईन ते विल्हेल्म हाउफ याच्या ‘दास काल्टे हेर्त्स’ म्हणजे ‘थंड काळीज’ या दीर्घकथेचे.

हाउफ श्टुटगार्टचा. १८०२ साली जन्मलेला हा लेखक १८२७ साली, वयाची पंचविशीही न गाठता, वारला. आणि १८२८ सालासाठी निघालेल्या त्याच्या कथांच्या वार्षिकात ही गोष्ट आली. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्याच्या विधवेचा मुलगा पीटर मुंक याला आपल्या काळवंडलेल्या तोंडाची लाज वाटते आणि गावातल्या श्रीमंतांचा हेवा वाटतो, इथून गोष्ट सुरू होते. त्याला जंगलातले दोन आत्मे भेटतात : एक काचेचा बुटका आणि दुसरा ‘हॉलंडवाला मिखेल’ नावाचा राक्षसी उंचीचा माणूस. मिखेल त्याचे धडधडणारे काळीज काढून घेतो, जागी दगडाचे बसवतो आणि बदल्यात एक लाख गुल्डेन देतो. परीकथा म्हणून ती वाचता येतेच. परंतु हे दोन आत्मे त्या जंगलातल्या दोन धंद्यांचे आहेत, हे लक्षात ठेवून वाचली तर ती श्वार्त्सवाल्डचा आर्थिक इतिहास होते. काच बनवणाऱ्यांना भट्टीसाठी लाकूड लागे आणि काचेच्या मिश्रणासाठी लाकडाच्या राखेतला क्षारही लागे, त्यामुळे आसपासचे रान संपले की काचेची भट्टी उचलून पुढच्या दरीत न्यावी लागे. दुसरा धंदा तराफ्यांचा होता. फर वृक्षांचे प्रचंड ओंडके एकत्र बांधून किन्त्सिग, मुर्ग, नागोल्ड अशा नद्यांतून ऱ्हाइनमध्ये आणि तिथून थेट हॉलंडला, जहाजे आणि इमारतींच्या पायाचे खांब करण्यासाठी पाठवले जात. अशा उंच सरळ झाडांना ‘हॉलंडची फर झाडे’ असेच नाव पडले होते. पैसा त्याच वाटेने उलटा परत आला आणि त्याने माणसे कशी बदलली, याची हाउफला वाटलेली धास्ती त्या दगडी काळजात आहे. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. मूळ जर्मन वाचायचे मनात असेल तर रेक्लाम प्रकाशनाची छोटी पिवळी पुस्तिका घ्यावी, मात्र धंद्यांचे जुने शब्द बी-वनच्या बाहेरचे असल्याने अनुवाद शेजारी असू द्यावा. वाचून झाल्यावर फ्रायबुर्गहून गुटाख येथील जुन्या शेतघरांचे उघड्यावरचे संग्रहालय आणि शिल्टाख गावातले तराफ्यांचे संग्रहालय पाहून यावे. कथेतला मिखेल तिथे लोखंडी आकड्यांच्या, दोरांच्या आणि ओंडक्यांच्या रूपात भेटतो.

श्वार्त्सवाल्डचे दुसरे पुस्तक जाड आहे आणि ते संपूर्ण वाचाच असा माझा आग्रह नाही. ग्रिमेल्सहाउझेन याची ‘सिम्प्लिसिसिमुस’ ही कादंबरी १६६८ साली बाहेर आली. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात स्वतः सैनिक म्हणून वणवण केलेला हा लेखक पुढे श्वार्त्सवाल्डच्या पायथ्याशी खाणावळ चालवत होता आणि नंतर रेन्शेन गावाचा मुखिया झाला. कादंबरीच्या पहिल्या भागात सैनिकांनी घर लुटल्यावर एक अजाण पोर श्पेस्सार्टच्या जंगलात पळते आणि एका तपस्व्यापाशी वाढते. जंगल हे भीतीचे ठिकाण असते हा परीकथांचा नियम इथे उलटा होतो, कारण माणसांचीच भीती असल्यामुळे जंगल आसरा ठरते. हा पहिला भाग आणि पाचव्या भागातला मुमेलझे तळ्याचा प्रसंग एवढे जरूर वाचावे. तळ्यात दगड टाकला की वादळ उठते अशी तिथली समजूत; नायक दगड टाकतो आणि जलपुरुष त्याला तळाशी घेऊन जातात. हे तळे होर्निसग्रिंडे शिखराखाली हजार मीटरांहून जरा अधिक उंचीवर आहे, आणि आज तिथे बसगाड्या, भेटवस्तूंची दुकाने आणि पायाने चालवायच्या होड्या आहेत. सकाळी लवकर गेलात तर जलपुरुषांना थोडीफार संधी मिळेल. इंग्रजीत माइक मिचेल आणि जे. ए. अंडरवुड यांचे अनुवाद आहेत.

हसण्यासाठी मार्क ट्वेन आहेच. १८८० सालच्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये तो श्वार्त्सवाल्डच्या शेतकऱ्याची श्रीमंती दारापुढच्या शेणखताच्या ढिगाऱ्यावरून मोजतो. याच पुस्तकाच्या परिशिष्टात जर्मन भाषेच्या व्याकरणावरचा त्याचा संताप आहे. बी-वनपर्यंत गेलेल्या कोणालाही तो स्वतःचाच वाटेल.

आता हार्त्स. इथे एकच पुस्तक खिशात ठेवायचे असेल तर हाइन्रिश हाइने याचे ‘दी हार्त्सराइझे’ ठेवावे. १८२४ च्या शरद ऋतूत कायद्याचा हा कंटाळलेला विद्यार्थी ग्योटिंगेनहून पायी निघाला आणि १८२६ साली त्याने त्या प्रवासाचे वर्णन छापले. पहिल्याच वाक्यात तो ग्योटिंगेनची ख्याती सांगताना विद्यापीठाचे नाव सॉसेजच्या मागे लावतो, यावरून पुढचा सूर कळावा. क्लाउस्टालच्या चांदीच्या खाणींत शिड्यांवरून तो खाली उतरतो ते वर्णन मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाचे वाटते, कारण हार्त्सचे जंगल हे मुळात खाणींचे जंगल होते. खाणीतले आधार, भट्ट्यांचा कोळसा, पाणी ओढणारी चाके या सगळ्यांसाठी तिथले लाकूड शतकानुशतके गेले. गोस्लारजवळची रामेल्सबेर्ग खाण १९८८ साली बंद झाली, आणि त्या गावासह ती १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ती आतून पाहता येते. हाइने पुढे ब्रोकेन शिखरावर जातो, तिथल्या विश्रामगृहात दारू पिऊन चंद्राला हाक मारणाऱ्या तरुणांची आणि पाहुण्यांच्या वहीतल्या भावनावश मजकुराची मनसोक्त टर उडवतो, आणि लगेच पुढच्या पानावर स्वतःही तितकाच हळवा होतो. रिची रॉबर्टसन यांचा इंग्रजी अनुवाद चांगला आहे.

१,१४१ मीटर उंचीचे हे ब्रोकेन म्हणजेच चेटकिणींच्या मेळाव्याचा डोंगर. ३० एप्रिलच्या रात्री, वालपुर्गिसच्या रात्री, त्या झाडूंवर बसून इथे येतात असे मानत. जर्मन महाकवी गटे १७७७ च्या डिसेंबरात बर्फातून ब्रोकेनवर चढला होता, आणि १८०८ साली छापलेल्या ‘फाउस्ट’ या नाटकाच्या पहिल्या भागात त्याने मेफिस्टोफेलीस या सैतानाला घेऊन फाउस्टला या रात्री इथेच आणले, प्रवेशाच्या सुरुवातीला शिएर्के आणि एलेंड या खऱ्या गावांची नावे आहेत. संपूर्ण ‘फाउस्ट’ वाचायला सवड नसेल तर तेवढा प्रवेश वाचावा. जर्मनीच्या फाळणीच्या काळात १९६१ पासून ३ डिसेंबर १९८९ पर्यंत हे शिखर सामान्य माणसाला बंद होते; वर हेरगिरीची यंत्रणा होती आणि माथ्याभोवती भिंत होती. चेटकिणींना तेवढी वर्षे अन्यत्र जावे लागले असणार. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो : हाइनेच्या पानांतली हिरवी गर्दी मनात धरून जाऊ नये. २०१८ पासूनचे दुष्काळ आणि साल पोखरणारा भुंगेरा यांनी हार्त्समधल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे डोंगरच्या डोंगर मारले असून, ब्रोकेनच्या वाटेवर आपल्याला करड्या, सोललेल्या खोडांची रांग आणि तिच्या पायाशी उगवणारी नवी झाडी दिसेल.

दिवस उरला तर हार्त्सच्या दक्षिणेस किफहॉयझर हा डोंगर आहे. सम्राट फ्रीड्रिश बार्बारोसा डोंगराच्या पोटात झोपला आहे, त्याची दाढी दगडी टेबलातून आरपार वाढली आहे, आणि डोंगराभोवती कावळे घिरट्या घालायचे थांबले की तो उठेल अशी दंतकथा. खरा बार्बारोसा ११९० साली आशिया मायनरमधल्या एका नदीत बुडून मेला. या गोष्टीचा जुना नायक तो नसून त्याचा नातू दुसरा फ्रीड्रिश होता. १८१७ सालच्या र्‍युकेर्टच्या कवितेने आजोबांना घरोघर पोहोचवले, आणि १८९६ साली त्या जागी भव्य स्मारक उभे राहिले.

प्रश्न : हिमगौरी, हॅन्सेल आणि ग्रेटेल या गोष्टी मी लहानपणी मराठीत वाचल्या. आता मूळ संग्रह वाचायचा आहे, पण ‘संपूर्ण ग्रिम’ म्हणवणारी दोन इंग्रजी पुस्तके आणली तर त्यांतला मजकूर एकमेकांशी जुळत नाही. एकीत हॅन्सेलला जंगलात सोडणारी सख्खी आई आहे, दुसरीत सावत्र. खरे कोणते? आणि हे भाऊ जंगलांतून हिंडून गोष्टी गोळा करत होते, हे खरे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या हाती दोन वेगवेगळी पुस्तके आली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी पहिला खंड १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली काढला. त्यांत मिळून १५६ गोष्टी होत्या, भाषा खडबडीत होती आणि मुलांचा विचार फारसा नव्हता. पुढे विल्हेल्म आयुष्यभर त्या गोष्टींवर हात फिरवत राहिला, आणि १८५७ च्या सातव्या व अखेरच्या आवृत्तीत २०० गोष्टी आणि १० धार्मिक कथा आहेत. या पंचेचाळीस वर्षांत हिमगौरीची सख्खी आई १८१९ सालीच सावत्र झाली, हॅन्सेल-ग्रेटेलची १८४० साली. आणि आपले कपडे घट्ट का होऊ लागले असे भाबडेपणाने विचारून स्वतःचे गुपित फोडणारी रापुन्झेल पुढे ते विचारेनाशी झाली. आई पोटच्या मुलांना रानात सोडते हे मध्यमवर्गीय बैठकीच्या खोलीत सोसवेना. मला विचाराल तर दुष्काळात अन्न पुरेना म्हणून आईबापच हा निर्णय घेतात, ही पहिली कथा जास्त भयंकर आहे आणि उपासमारीच्या इतिहासाला अधिक धरून आहे. पहिल्या आवृत्तीचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्स यांनी २०१४ साली केला. अखेरच्या आवृत्तीसाठी झाइप्स यांचाच १९८७ चा अनुवाद घ्यावा, किंवा मार्गरेट हंट यांचा १८८४ चा, जो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. गोष्टींबरोबर टिपा आणि जुनी चित्रे हवी असतील तर मारिया टाटर यांची सटीप आवृत्ती आहे.

जंगलांतून हिंडण्याबद्दल म्हणाल, तर ते खरे नाही. हे दोघे कासेलमधले पुस्तकी विद्वान, आणि गोष्टी सांगणारी माणसे बहुतेक त्यांच्याकडे येत. शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ट कुटुंबातल्या मुली, फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट (प्रोटेस्टंट) पूर्वजांच्या हासेनफ्लुग घराण्यातल्या सुशिक्षित बहिणी यांनी कित्येक गोष्टी दिल्या. दुसऱ्या खंडाची मोठी धनी म्हणजे डोरोथेआ फीमान. प्रस्तावनेत तिचे वर्णन कासेलजवळच्या खेड्यातली शेतकरी बाई असे केले आहे. प्रत्यक्षात ती शिंप्याची बायको, खाणावळवाल्याची मुलगी आणि तीही ह्युगेनॉट वंशातली होती. खाणावळीत वाटसरूंच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी तिच्यापाशी असणे अगदी स्वाभाविक होते. यात कोणाची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, पण ‘जर्मन रानाच्या पोटातून आलेला अस्सल आवाज’ ही कल्पना या माणसांच्या घरात एकदा डोकावल्यावर टिकत नाही. भावांना स्वतःला मात्र जंगल फार प्रिय होते, ते विद्येच्या रूपकात : १८१३ ते १८१६ या काळात त्यांनी जुन्या साहित्याला वाहिलेले जे नियतकालिक चालवले त्याचे नावच ‘जुनी जर्मन अरण्ये’ असे होते.

प्रवास करणाऱ्या वाचकाला यात एक अडचण आहे. परीकथेतल्या जंगलाला नाव नसते. ते कोणत्या खोऱ्यात आहे, तिथे बीच आहे की ओक, हे गोष्ट सांगत नाही; तिला फक्त वाट चुकायला जागा हवी असते. म्हणून ज्याला स्थळ हवे आहे त्याने ग्रिम बंधूंचा दुसरा संग्रह, ‘डॉइचे झागेन’, उघडावा. १८१६ आणि १८१८ साली निघालेल्या या दोन खंडांत ५८५ दंतकथा आहेत, आणि परीकथा अधिक काव्यमय तर दंतकथा अधिक ऐतिहासिक असते असा फरक त्यांनी प्रस्तावनेत केला आहे. ‘झागे’ ही डोंगराला, तळ्याला, पडक्या किल्ल्याला चिकटलेली असते. आपल्याकडे कडा, कुंड, समाधी यांच्याबद्दल सांगतात तशी. त्या बहुधा अर्ध्या पानात संपतात आणि पुष्कळदा शेवट नसतो. डोनाल्ड वॉर्ड यांनी १९८१ साली दोन्ही खंड इंग्रजीत आणले आहेत. एकदम वाचायला घेऊ नयेत, कंटाळा येतो. ज्या प्रदेशात जायचे तिथल्या तेवढ्या काढून वाचाव्यात.

आणखी एक नाव ग्रिमच्या सावलीत राहून गेले. फ्रान्त्स क्साव्हर फॉन श्योनव्हेर्ट या अधिकाऱ्याने बव्हेरियाच्या पूर्वेकडील ओबरफाल्त्स या रानाळ, गरीब प्रदेशातून रीतिरिवाज आणि दंतकथा जमवून १८५७ ते १८५९ या काळात तीन खंड छापले. त्याच्या कामाची याकोब ग्रिमने तारीफ केली, पुस्तक मात्र फारसे खपले नाही. छापायच्या राहिलेल्या पुष्कळ गोष्टी रेगेन्सबुर्ग येथील त्याच्या कागदपत्रांत होत्या. त्यांतल्या निवडक एरिका आयशेनझेअर यांनी २०१० साली प्रसिद्ध केल्या, आणि २०१५ साली टाटर यांच्या अनुवादातून ‘द टर्निप प्रिन्सेस’ या नावाने त्या इंग्रजीत आल्या. यांवर विल्हेल्मसारखा कोणी हात फिरवलेला नाही. गोष्टी अर्धवट, आडव्यातिडव्या आणि कधी कधी चमत्कारिकपणे सुंदर आहेत. लाकूडतोडे आणि मोलकरणी खरोखर कशा गोष्टी सांगत, याची कल्पना मला या पुस्तकाने जेवढी दिली तेवढी ग्रिमने दिली नाही.

जाता जाता : हानाउपासून ब्रेमेनपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा ‘परीकथांचा मार्ग’ १९७५ साली पर्यटनासाठी आखला गेला. राइनहार्ड्सवाल्डमधला झाबाबुर्ग किल्ला त्यावर झोपलेल्या राजकन्येचा किल्ला म्हणून दाखवतात. किल्ला पाहण्यासारखा आहे, भोवतीचे जुने ओक वृक्ष तर आहेतच. राजकन्येचा पत्ता मात्र ग्रिमच्या पुस्तकात कुठेही दिलेला नाही.

प्रश्न : वनखात्यात तीस वर्षे नोकरी केली. आम्हाला शिकवताना ‘जर्मन पद्धतीचे वनशास्त्र’ हा शब्द सतत कानावर पडे आणि ब्रँडिस यांचे नाव येई. त्या पद्धतीमागचे खुद्द जर्मनीतले जंगल कसे होते, हे सांगणारी पुस्तके सुचवावीत. ते लोक आपल्या जंगलाला इतके पवित्र का मानतात, हेही समजून घ्यायचे आहे. — एक सेवानिवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात, आणि त्यातच या विषयाची खरी गंमत आहे.

पवित्रतेची कथा एका परक्या माणसापासून सुरू होते. इ. स. ९८ च्या सुमारास टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ‘गेर्मानिया’ लिहिले. तो तिथे गेला होता असे दिसत नाही, आणि त्या देशाचे त्याने केलेले वर्णन रानांनी भेसूर आणि दलदलींनी घाण असे आहे. त्याच्या आधी सीझरने हेर्सिनियन अरण्याबद्दल लिहिताना साठ दिवस चालूनही ते संपत नाही असे सांगितले, आणि तिथल्या एल्क हरणांना गुडघे नसल्यामुळे ती झाडाला टेकून झोपतात व शिकारी ती झाडे आधीच कापून ठेवतात, असेही नोंदवले. आपल्या नोकरीत असा अहवाल कोणी सादर केला असता तर आपण काय शेरा मारला असता याची मी कल्पना करू शकतो. इ. स. ९ मध्ये आर्मिनियुस या जर्मन टोळीच्या सरदाराने तीन रोमन लष्करी तुकड्या रानात गाठून कापून काढल्या, हे मात्र खरे. टॅसिटसचे पुस्तक पंधराव्या शतकात पुन्हा सापडले आणि जर्मन विद्वानांनी त्यातून आपला पूर्वज घडवला : रानात वाढलेला, साधा, शूर. लढाई जिथे झाली असे मानत त्या डोंगररांगेचे चालत आलेले नाव ओस्निंग; ‘टॉयटोबुर्गचे अरण्य’ हे टॅसिटसचे नाव तिला सतराव्या शतकात दिले गेले, आणि १८७५ साली डेटमोल्डजवळ आर्मिनियुसचा अवाढव्य पुतळा उभा राहिला. १९८७ पासून रोमन नाणी, शस्त्रे आणि हाडे भरपूर सापडू लागली ती तिथून बऱ्याच अंतरावरच्या काल्क्रीझे येथे. टॅसिटसच्या या एका पुस्तकाने पुढच्या पाचशे वर्षांत काय काय घडवले ते ख्रिस्तोफर क्रेब्स यांच्या ‘अ मोस्ट डेंजरस बुक’ (२०११) मध्ये वाचावे, आणि त्याबरोबर सायमन शामा यांच्या ‘लँडस्केप अँड मेमरी’ (१९९५) मधला जर्मन अरण्याचा भाग. शामा पसरट लिहितात, पण कंटाळवाणे कधीच लिहीत नाहीत.

आता आपल्या शास्त्राकडे. ज्या काळात अरण्याची कवने रचली जात होती, त्याच काळात जुने मिश्र रान मोठ्या प्रमाणात संपले होते. १७१३ साली सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गच्या खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने ‘सिल्व्हिकुल्टुरा इकोनॉमिका’ लिहिले ते खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड मिळेनासे होईल या भीतीने. जेवढे वाढेल तेवढेच तोडावे, म्हणजे उपयोग टिकून राहील, हा त्याचा विचार. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात त्या शब्दाचे जर्मन मूळ तिथे आहे. त्याची हकिगत उलरिश ग्रोबर यांनी सांगितली असून तिचा इंग्रजी अनुवाद २०१२ साली आला. पुढे एकोणिसाव्या शतकात मोजमाप, वर्गवारी आणि तोडणीची आवर्तने यांच्या बळावर एकाच वयाचे, एकाच जातीचे, सरळ रांगांतले स्प्रूस आणि पाइन उभे राहिले. पहिली पिढी जोमदार आली आणि पुढच्या पिढीत माती, कीड व वादळे यांनी हिशेब चुकता केला. हा भाग जेम्स स्कॉट यांच्या ‘सीइंग लाइक अ स्टेट’ (१९९८) या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. ते प्रकरण वनखात्यातल्या माणसाने वाचावे अशी माझी जवळजवळ सक्ती आहे, मग पटो वा न पटो.

बॉनमध्ये जन्मलेले डीट्रिश ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, आणि त्यांच्यानंतर श्लिश व रिबेनट्रॉप हेही जर्मनच आले. ही पद्धत इथल्या रानात आणि रानातल्या माणसांवर कशी उतरली ते पुण्याचे माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) मध्ये आहे. ते आपण वाचले असेलच. ब्रँडिस स्वतः त्यांच्या मागून आलेल्या नियमांपेक्षा गावकऱ्यांच्या हक्कांबाबत बरेच उदार होते, हे त्या वादात नेहमी विसरले जाते.

एलियास कानेट्टी या लेखकाने १९६० सालच्या ‘मासे उंड माख्ट’ या ग्रंथात जर्मन सैन्य म्हणजे चालते अरण्य असे म्हटले आणि ताठ, समांतर, सरळ खोडांत त्या लोकांचे मन पाहिले. वाक्य प्रभावी आहे. परंतु ती ताठ समांतर खोडे पूर्वजांनी ठेवलेली नव्हती. आपल्यासारख्या अधिकाऱ्यांनी तक्ते बघून लावलेली होती, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पवित्रतेचा हा इतिहास कुठे गेला तेही वाचले पाहिजे. १९३४ साली हिटलरचा सहकारी ग्योरिंग हा राइशचा, म्हणजे नाझी राज्याचा, वनप्रमुख झाला. १९३७ साली वायमारजवळच्या एटर्सबेर्ग टेकडीवर छळछावणी उघडली. ती टेकडी गटेच्या आठवणींशी जोडलेली असल्याने तिचे नाव छावणीला देण्यास विरोध झाला आणि दुसरे नाव शोधण्यात आले. ते होते ‘बूखेनवाल्ड’, म्हणजे बीचचे रान. तिथे कैदी असलेले ऑयगेन कोगोन यांचे १९४६ सालचे पुस्तक ‘द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ हेल’ या नावाने इंग्रजीत आहे. ज्यांना एवढे जड वाचन झेपणार नाही त्यांनी नील मॅकग्रेगर यांचे ‘जर्मनी : मेमरीज ऑफ अ नेशन’ (२०१४) घ्यावे, त्यात ग्रिमचे प्रकरण आहे आणि बूखेनवाल्डच्या फाटकाचेही.

पेटर व्होलेबेन यांच्या झाडांच्या गुप्त जीवनावरील २०१५ सालच्या पुस्तकाविषयी आपण विचारले नाही, तरी कोणीतरी ते भेट देईलच. आयफेल या डोंगराळ भागात वनाधिकारी राहिलेल्या या लेखकाची निरीक्षणे वाचनीय आहेत. झाडांना आईची माया आणि वेदना देण्याची त्यांची सवय अनेक जर्मन वनशास्त्रज्ञांना मान्य नाही, आणि मलाही ती ग्रिमच्याच घराण्यातली वाटते. त्यापेक्षा जमले तर बव्हेरियन अरण्याचे राष्ट्रीय उद्यान पाहून यावे. १९७० साली स्थापन झालेले हे जर्मनीतले पहिले राष्ट्रीय उद्यान. १९८३ च्या वादळात पडलेली झाडे गाभ्याच्या भागात तशीच राहू दिली गेली, त्यानंतर भुंगेऱ्याने मोठे रान मारले, आणि गावकऱ्यांचा संताप सोसून व्यवस्थापनाने हात लावला नाही. आज तिथे जे उगवले आहे ते कोणत्याही तक्त्यात नव्हते. त्या भागातल्या जुन्या रानाचे शब्दचित्र हवे असेल तर सीमेपलीकडे जन्मलेल्या आडालबेर्ट श्टिफ्टरची ‘डेअर होखवाल्ड’ ही कथा वाचावी. तिची गती स्प्रूसच्या वाढीइतकीच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुले सात आणि दहा वर्षांची आहेत. घरी मराठी, शाळेत जर्मन. त्यांना ग्रिम वाचून दाखवावे का, की दुसरे काही चांगले आहे? — एक वाचक

उत्तर : ग्रिम जरूर वाचावे, पण निवडून. भावांनी स्वतः १८२५ साली मुलांसाठी ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली होती, ती निवड अजूनही चांगली आहे. आपण जर्मन वाचून दाखवावे आणि मुलांना तीच गोष्ट रात्री आजीला फोनवर मराठीत सांगायला लावावे. गोष्टी शेवटी अशाच टिकल्या.

सात वर्षांच्या मुलासाठी मात्र ओटफ्रीड प्रॉइस्लर याचे ‘दी क्लाइने हेक्से’ हे १९५७ सालचे पुस्तक मी आधी देईन. यातली छोटी चेटकीण अवघी १२७ वर्षांची असल्यामुळे तिला वालपुर्गिसच्या नाचाला येऊ देत नाहीत, ती तरीही चोरून जाते आणि पकडली जाते. जर्मन सोपे आहे, आणि जंगलात जळण वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायांना हाकलून देणाऱ्या वनरक्षकाला ती चांगली अद्दल घडवते, तो प्रसंग मोठ्यांनाही आवडेल. याच लेखकाचे १९७१ सालचे ‘क्राबाट’ हे पूर्व जर्मनीच्या लाउझित्स भागातल्या झोर्ब या स्लाव लोकांच्या दंतकथेवरचे आहे : काळी जादू शिकवणारी पाणचक्की आणि दर वर्षी मरणारा एक शिकाऊ मुलगा. ते त्याचे सर्वोत्तम पुस्तक आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला अजून दोन-तीन वर्षे देऊ नये. ३० एप्रिलला सुटी जुळली तर मुलांना शिएर्केला न्यावे. त्या रात्री तिथे लहानथोर चेटकिणींच्या वेशात हिंडतात. प्रॉइस्लरचे पुस्तक त्याआधी वाचून संपवलेले असावे, म्हणजे झाडू कोणता घ्यायचा हे त्यांचे त्यांना कळेल.